दोरा देवीनं घेतला

शनिवारी सकाळी सी विंगच्या दामलेबाई तक्रारवही छातीशी धरून ऑफिसात आल्या, ती माझ्या टेबलावर उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "भोईर, इथे तुम्ही 'निकाली' लिहिलं आहे. तीन आठवडे झाले. भिंत अजून ओली आहे." दामलेबाई मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांच्या बोटातलं लाल पेन काही निघालेलं नाही. मी म्हटलं, मॅडम, प्लंबर येऊन गेला ना. "आला होता. चहा मीच दिला त्याला. मी भिंतीचं विचारते आहे." मग मला नवव्या मजल्यावर नेलं, बेडरूमच्या कोपऱ्यात उभं केलं, आणि म्हणाल्या, "हात लावून बघा." वरून भिंत चांगली दिसत होती. रंग ताणलेला, गुळगुळीत, जरासा फुगलेला, एक बारीक रेघ तेवढी आडवी गेलेली. मी बोट टेकवलं आणि ते आत गेलं. जोर लावलाच नव्हता. आतून थंड, चिकट असं काहीतरी नखाला लागलं. दामल्यांच्या पलंगावर, त्यांच्या इस्त्रीच्या चादरीवर मी बसलो. "काय झालं? बीपी आहे का तुम्हाला?" नाही मॅडम, सकाळपासून काही खाल्लं नाही. खोटं. पोहे खाऊन गेलेलो, दोनदा घेतलेले.

माझ्या मुलीच्या डाव्या पायाच्या घोट्यावर अशीच एक रेघ होती. वरची कातडी चांगली, जरा फुगलेली, आणि आत काळा दोरा. आता ती सहा महिन्यांची आहे. दोरा काढून सहा आठवडे झाले. घाव भरला. पण तळव्याला अजून काही कळत नाही. कापूस फिरवा, ब्रश फिरवा, नखाने टोचा, ती वर पंख्याकडे बघत बसते. मंगळवारी डॉक्टरांना दाखवायचंय आणि त्या काय सांगतील ते आम्हाला सगळ्यांना कळलेलं आहे. कळलेलं नाही असं आम्ही एकमेकांशी वागतो, एवढंच.

बाळकुमला ही जी चार टॉवरची सोसायटी आहे, तिथे आधी आमची भातशेती होती आणि पलीकडे खाडीकडे दुसऱ्याच्या मिठागरात माझी आई लग्नाआधीपासून मीठ ओढत होती. जागा गेली, तिच्या बदल्यात बी विंगमध्ये पंपरूमच्या डोक्यावर दोन फ्लॅट आले आणि सोसायटीच्या ऑफिसातली मॅनेजरची खुर्ची मला आली. लोकांना मी स्थानिक माणूस म्हणून बरा वाटतो. भांडण झालं तर दोन चुलतभाऊ बोलावून आणेन अशी त्यांना थोडी भीती आणि थोडी आशा असते. अकरा वर्षं मी तक्रारवही सांभाळतोय. तारीख, फ्लॅट, तक्रार, कारवाई, सही. माणूस कसा आहे हे मला त्याच्या तक्रारीवरून कळतं. ए-१२०३ ला शेजाऱ्याच्या हिंगाचा वास येतो, म्हणजे नवरा-बायकोचं बोलणं बंद आहे. डी-४०२ दर सोमवारी लिफ्टमधल्या कुत्र्याबद्दल लिहितात. कुत्रा गेल्या वर्षीच मेला, पण सोमवार आहे म्हटल्यावर त्यांना राहवत नाही. आणि लोकांना तक्रार मिटायला नको असते, 'निकाली' हा शब्द दिसायला हवा असतो, हे मी फार लवकर शिकलो. पन्नासातल्या तीस तक्रारी नुसत्या 'निकाली' लिहिल्याने मिटतात. उरलेल्यांत दामलेबाई असतात.

मुलीचं पाळण्यातलं नाव दिवीशा, पण घरात सगळे बायच म्हणतात. ती नोव्हेंबरात झाली. बाराव्या दिवशी आईने तिच्या डाव्या पायात काळा दोरा बांधला, सात गाठींचा. आमच्याकडे तो गावदेवीच्या चैत्रातल्या जत्रेपर्यंत ठेवतात आणि मग देवीसमोर कापतात. त्याच्याआधी आपणहून पडला तर आणखी चांगलं. म्हणजे देवीने घेतला, मुलावरचं जे काय असेल ते दोऱ्यासकट तिच्याकडे गेलं. मग तो पडलेला दोरा शोधायचा, नारळ फोडायचा, आणि दिवस मावळायच्या आत खाडीत सोडायचा. माझ्याआधी आईची दोन मुलं गेली, एक आठ दिवसांचं, एक पाच महिन्यांचं. त्या दोघांना दोरा नव्हता. सासूने नको म्हटलेलं. मला बांधला, आणि मी राहिलो. आता अशा बाईशी दोऱ्यावर कोण वाद घालणार? रसिकाने घातला, एकदाच. रसिका आंबिवलीची, लॅबमध्ये टेक्निशियन, दिवसभर लोकांची रक्तं तपासणारी. बारशाच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "आई, इन्फेक्शन होतं हो अशाने." आई म्हणाली, "ह्यो बघ, माझा इन्फेक्शन, छत्तीस वर्षांचा झालाय," आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. दोघी हसल्या. मी पण हसलो. त्या हसण्यावर मी मनात शिक्का मारलेला, निकाली.

दोरा मी आणला. आईचा गुडघा दोन वर्षं वाकत नाही, ती घराबाहेर पडते ती वॉकर घेऊन, खालच्या बाकापर्यंत. "सुताचा आन," म्हणालेली. जांभळी नाक्याला दुकानदार म्हणाला, "सूत कोण वापरतं आता? हा घ्या. ओढून बघा." मी ओढला. बोटाला वळ उठला पण दोरा तुटला नाही. मला तो आवडला. चमक होती त्याला. आपल्या मुलीला काहीतरी चांगल्या क्वालिटीचं मिळावं असं कुठल्या बापाला वाटत नाही. अख्खं रीळ घेतलं. आईने दोरा बोटांत धरला, फिरवला आणि बांधला. तिला फरक कळला नाही. मिठागरात बारा-पंधरा वर्षं काढलेल्या बायकांची बोटं आणि तळवे असतात, त्यांना काही कळत नाही. लहानपणी मला गंमत वाटायची. आई चुलीतला निखारा हाताने उचलून बाजूला ठेवायची, तळव्यात काच घुसलेली असायची आणि ती लादीवर लाल ठिपके काढत घरभर फिरायची. "आय, रगत!" असं मी ओरडलो की ती खाली बघून म्हणायची, "कोनाचा?"

आता कळतं ते असं. सुताचा दोरा तेल, गरम पाणी, बेसन यांनी दोन-अडीच महिन्यांत कुजतो आणि पडतो. म्हणून पिढ्यान् पिढ्या देवी दोरा घेत आली. हे मला कॉलेजात असतानाच सुचलेलं, आणि मी कोणाला बोललो नव्हतो, कारण मला वाटलेलं की ही एक मोठी हुशारी माझ्याजवळ आहे, ती कधीतरी चारचौघांत काढू. ती हुशारी जांभळी नाक्याला दुकानात उभं असताना नेमकी आठवली नाही.

मार्चमधला तो दिवस मंगळवार होता. रसिका बँकेत गेलेली. आंघोळ घालायला यायच्या त्या रंभामावशी बायला टॉवेलात गुंडाळून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "गो हौसाबाय, दोरा नाय बाळाच्या पायान." आई वॉकर सोडून उभी राहिली. मी तिला इतकी खूश माझ्या लग्नातही बघितलेली नाही. "देवीनं घेतला!" तिने दोन्ही हात पुऱ्या इमारतीला ऐकू जाईल असे जोडले. रंभामावशींनी घोट्यावरून अंगठा फिरवला, तिथे एक वळी होती, खोल, बारीक. "बघ, अंगाला लागलंय पोर. वल्या परल्यान." मग आई माझ्याकडे वळली. "शोद रे. घरान ठेवू नये. दिस जायच्या आत सोराला पायजे."

मी शोधला. टॉवेल झटकला, मोरीच्या जाळीवर बघितलं, पाळण्याची गादी उचलली, पलंगाखाली मोबाइलचा उजेड मारला. चार मिनिटं, फार तर पाच. मग ऑफिसातून फोन आला, ए विंगची लिफ्ट सहा आणि सातच्या मध्ये अडकलीय, आत कुरियरवाला आहे आणि ए-७०१ च्या बाई, आणि बाई इंग्लिशमध्ये ओरडतायत. आई हॉलमधून, "सापरला कं?" एका मिनिटात तीनदा. मी कपाट उघडलं. रीळ तिथेच होतं. वीतभर दोरा कापला, सात गाठी मारल्या, आईने मारल्या होत्या तशाच जवळजवळ, आणि मग खोबरेल तेलाचं बोट त्यावरून फिरवलं, थोडी पावडर लावली, जमिनीवर एकदा घासला. जुना दिसायला हवा ना. इतकं मन लावून मी कुठलंच काम केलेलं नाही. "सापडला, गादीखाली होता." आईने तो हातात घेतला, डोळ्याला लावला. बोटांना काही कळलं नाही. संध्याकाळी तिला रिक्षात घालून मी खाडीवर नेलं, चुलतभावाने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. तिने नारळ फोडला, पाण्यात दोरा सोडला आणि तो तिथेच चिखलाला चिकटून राहिला, ओहोटी होती. "जाईल," मी म्हटलं. "जाईल गो, भरती आली की जाईल."

मला रोज एक गणित सुटतं आणि रोज त्याचं उत्तर तेच येतं. दोरा सापडला नाही असं मी सांगितलं असतं, तर आई शोधत राहिली असती. माझी आई शोधण्यात वाईट आहे, म्हणजे ती सोडत नाही. तिने संध्याकाळपर्यंत पाळणा उलटा करायला लावला असता, रंभामावशींच्या पदराच्या गाठी सोडून बघितल्या असत्या, आणि मग शेवटी, काहीच उरलं नाही म्हणून, तिने बायचा पाय हातात धरला असता. रसिका बँकेतून आली असती आणि म्हणाली असती, थांबा, ही वळी बघू. लॅबमधली बाई ती. तेव्हा दोरा कातडीच्या केसभर खाली असेल. चिमट्याने निघाला असता. त्याऐवजी रसिका आली तेव्हा दोरा 'सापडला' होता, संध्याकाळी खाडीवरून आणलेलं खोबरं वाटलं तेव्हा तिने पण एक तुकडा तोंडात टाकला, आणि बायला पायमोजे घातले. दोरा शोधायचा होता. मी तो निकाली काढला.

एप्रिलमध्ये पाय लाल झाला. नाक्यावरच्या डॉक्टरांनी किडा चावला म्हणून औषध दिलं. मग ताप. मग पाय एवढा सुजला की पाऊल वेगळंच कोणाचं तरी लावल्यासारखं दिसायला लागलं, आणि रेघेतून पाणी यायला लागलं, आणि वास. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा बघितलं आणि एकच विचारलं, "ह्या पायात काही बांधलं होतं का?" रसिका म्हणाली, "दोरा होता, पण तो पडला. मार्चमध्येच पडला. सापडला पण." डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे फार दयेने बघितलं. दोन तासांनी त्या ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आल्या, हातात लघवी तपासायची असते तसली प्लास्टिकची डबी. आत दोरा होता. धुऊन ठेवलेला, सात गाठी, आणि चमक तशीच. माझी बोटं आपोआप एकमेकांवर घासली गेली. "हाडापर्यंत गेला होता. नस कापली नाहीये, पण दाबून दाबून... बघू या." आई बाकावर बसलेली. तिने डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग विचारलं, "च्या पिलास कं रे तू?"

ते विचारणं मी विसरू शकत नाही. मिठागराच्या बायका मापाडी मापात मारत असला की अशाच बघायच्या म्हणे. बोलायच्या नाहीत, टोपली तेवढी परत एकदा त्याच्यासमोर ठेवायच्या.

मग दोषाची वाटणी सुरू झाली, आणि त्यात मी इतका स्वच्छ राहिलो की कधी कधी माझाच मला हेवा वाटतो. रसिका आईला म्हणाली, तुमच्या दोऱ्याने केलं. आई म्हणाली, हिच्या मोज्यांनी केलं, मोजे नसते तर दिसला असता. रसिकाच्या आईने फोनवर रंभामावशींना धरलं. रंभामावशींनी तेव्हापासून आमच्या विंगकडे बघणं सोडलं. सोसायटीतले लोक भेटायला आले, त्यांचे मी तीन भाग केलेले. पहिले, हॉस्पिटल कुठलं ते विचारून, तिथे का नेलं, आमच्या ओळखीचे होते, असं म्हणणारे. दुसरे, "आजकल के जमाने में भी धागा?" असं म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवणारे, यातल्या निम्म्यांच्या मनगटाला लाल-पिवळे दोरे होते. तिसरे काही न बोलता केळी ठेवून जाणारे. दामलेबाई तिसऱ्यांतल्या. आणि इतके लोक, इतकी बोलणी, त्यात एकाही माणसाला तो साधा प्रश्न पडला नाही. दोरा जर पायात होता, तर खाडीत काय सोडलं? एखादं पोरसुद्धा विचारेल. मी रोज तयार होऊन बसायचो. कोणी तोंड उघडलं की मला वाटायचं, आला. तो यायचा नाही, आणि मला बरं वाटायचं, आणि त्या बरं वाटण्याला खोबरेल तेलाचा वास यायचा.

हॉस्पिटलातून सुटल्यावर रसिका बायला घेऊन थेट आंबिवलीला, माहेरी गेली. जाताना डॉक्टरीणबाईंनी एक छापील तक्ता दिला. घाव भरला की रोज सकाळी तळव्यावर मऊ ब्रश फिरवायचा, आणि पाय ओढून घेतला किंवा बोटं हलली तर 'हो', नाही तर 'नाही'. "महिनाभर भरा. मनाचं लिहू नका," त्या म्हणाल्या. आम्हा दोघांना म्हणाल्या, पण बघत माझ्याकडे होत्या, असं मला वाटलं. आजकाल मला सगळे माझ्याकडे बघूनच बोलतात असं वाटतं. आणि आणखी म्हणाल्या, "चालेल ती. चालण्याची काळजी नाही. पण खाली काय लागलं ते तिला कळणार नाही. खिळा, निखारा, काच. रोज रात्री कोणीतरी तळवा बघायला हवा. ती मोठी होऊन स्वतः बघायला लागेपर्यंत." म्हणजे मिठागर सुटलं, शेतावर चार टॉवर उभे राहिले, आणि मिठागराचा पाय आमच्या घरी पुन्हा जन्माला आला. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मना कोन बगत व्हता?" एवढंच म्हणाली, आणि स्वतःच्या तळव्यावर हात फिरवत बसली, जसा काही तो दुसऱ्या कोणाचा आहे.

रविवारी मी स्कूटरवरून आंबिवलीला गेलो. कशेळीचा पूल, भिवंडीची धूळ, दुर्गाडीला खाडी पुन्हा एकदा आडवी येते. दर रविवारी तिथे मी स्कूटर हळू करतो. ओहोटीला चिखल दिसतो आणि मला वाटतं की तो दोरा अजून कुठेतरी चिकटून असेल. सूत असतं तर कुजलं असतं. मे महिन्याचं ऊन डोक्यावर, आणि बोटाला कालपासून दामल्यांची भिंत लागलेली. साबणाने धुतलं तरी जात नव्हती. मी ठरवत होतो की आज सांगू. दर रविवारी दुर्गाडीला ठरवतो आणि शहाडपर्यंत ते ठरवणं बरं टिकतं.

सासरे, महिपत अण्णा, दारातच बसलेले. मूळचे मुरबाडकडचे, आणि उमेदीची सगळी वर्षं इथल्या धाग्याच्या कारखान्यात काढलेली. कारखाना बंद पडून पंधरा वर्षं होऊन गेली तरी शिफ्ट सुटल्यासारखे संध्याकाळी पाय धुतात. "या, जावईबापू. उन्हाचं आलात." मग आत बघून, आवाज खाली आणून म्हणाले, "ती डबी काढली होती हो आज रसिकानं. दोऱ्याची. मी टोक जाळून पाहिलं. सूत असतं तर राख झाली असती. ह्याचा मणी झाला." त्यांनी तळहात पुढे केला. काळा, मोहरीएवढा, टणक मणी. "नायलॉन. आम्ही असलाच काढायचो. आमचा सायेब म्हणायचा, माणूस कुजेल पण हा कुजणार नाही. आम्हाला अभिमान होता बघा त्याचा." त्यांनी मणी परत खिशात ठेवला. टाकून का दिला नाही, ते त्यांना विचारावंसं वाटलं.

रसिका आतल्या खोलीत जमिनीवर बसलेली, समोर बाय उताणी, अंगात झबलं, डावा पाय उघडा. घोट्याभोवती गुलाबी कडं. कोणीतरी तिथून पाय जोडलाय असं वाटणारं. बायने मला बघितलं आणि दोन्ही हात हलवले, उजवा पाय झाडला. डावा नुसता पडून. रसिकाने वर बघितलं. सहा आठवड्यांत ती बारीक झाली नव्हती, रडवेली दिसत नव्हती; फक्त चेहऱ्यावरचं सगळं जिथल्या तिथे आवरून ठेवल्यासारखं होतं. पाहुणे येणार असले की ती हॉल आवरते तसं.

"जेवलास?"

"येताना काहीतरी खाल्लं."

"बस." मी बसलो. ती बायच्या झबल्याचा बंद सोडून परत बांधत म्हणाली, "एक विचारू? खाडीत काय सोडलं तुम्ही?"

इतके दिवस मी या प्रश्नाची वाट बघत होतो. उत्तराच्या चार तऱ्हा तयार होत्या, त्यातली एक खरी होती. दुर्गाडीपासून ती जिभेवर होती. पण प्रश्न आला तो इतक्या साध्या आवाजात, दूधवाला येऊन गेला का असं विचारल्यासारखा, की माझी सवय माझ्याआधी बोलली. "आईला सापडला होता ना. गादीखाली. मी होतो कुठे, ऑफिसचा फोन आलेला. तिनेच दिला. दुसरा कुठला तरी असेल. वय झालंय गं तिचं."

बोलून झाल्यावर अण्णा बाहेर खोकले.

"त्याही तेच म्हणाल्या," रसिका म्हणाली. "सकाळी फोन केला मी त्यांना. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. म्हणाल्या, 'मनाच सापरला, गादीखाली. माजीच चूक झाली गो पोरी, डोले गेले माजे.' रडल्या. मला म्हणाल्या, 'देवेशला कय बोलू नको, त्याला ठाव पन नाय.'" तिने बंदाची गाठ घातली, घट्ट झाली असं वाटून सोडली, परत सैल घातली. "पाळण्याची गादी जमिनीलगतच्या फळीवर आहे, देवेश. त्यांचा गुडघा वाकतो का?"

मी बायच्या पायाकडे बघत होतो.

"नाही वाकत," ती म्हणाली. स्वतःलाच उत्तर दिल्यासारखं. "वाकत असता तर त्यांनी आंघोळच घातली असती पोरीला. रंभामावशी कशाला लागल्या असत्या."

मला वाटलं आता ती ओरडेल, आणि मी त्यासाठी थोडा पुढे सरकून बसलो सुद्धा. ओरडणारी माणसं मला हाताळता येतात. अकरा वर्षांचा अनुभव आहे. ती ओरडली नाही. "पुढच्या रविवारी त्यांना घेऊन ये," ती म्हणाली. "रिक्षा कर, स्कूटरवर नको. मंगळवारी मी आणि अण्णा जाऊ डॉक्टरांकडे. तू ड्यूटी कर." मग उशाखालून तक्ता काढला, त्यावर पेन ठेवलं, आणि बाळाचा पिवळा ब्रश. "आजचं राहिलंय. मी दूध गरम करते. तू कर, आणि तू लिही."

ती गेली. मी तक्ता बघितला. अठ्ठावीस तारखा आणि अठ्ठावीस वेळा 'नाही', तिच्या त्या लॅबमधल्या सरळ, छोट्या अक्षरात. एकाही ठिकाणी पेन अडखळलेलं नाही. एकाही दिवशी तिला, बहुतेक हो, किंवा, थोडंसं, असं लिहावंसं वाटलं नसेल? मला पहिल्याच आठवड्यात वाटलं असतं. तिसऱ्या दिवसापासून मी 'हो' लिहायला लागलो असतो आणि आतापर्यंत सगळ्यांचं समाधान झालं असतं.

मी बायचा पाय हातात घेतला. गरम होता. सहा आठवड्यांत मी तो हातात घेतला नव्हता, हे घेतल्यावर लक्षात आलं. ब्रश टाचेपासून वर फिरवला. काही नाही. ती माझ्या घड्याळाकडे बघत होती. परत फिरवला, कडेने, करंगळीच्या बाजूने. काही नाही. मग मी ब्रश ठेवला आणि कालचं ते बोट, भिंतीत गेलेलं, तिच्या तळव्याच्या मधोमध टेकवलं. हलकेच. आणि अंगठा हलला.

हलला. आतल्या बाजूला वळला आणि सुटला, झोपेतलं माणूस कोणी हाक मारली तर हलतं तसा. मी परत बोट टेकवलं. काही नाही. परत. नाही. नखाने जरा दाबलं, पांढरा चंद्र उठला आणि लाल झाला, आणि बाय माझ्याकडे बघून हसली, तिच्या खालच्या हिरडीत दाताची एक कणी दिसत होती. मी परत परत बघत राहिलो. अंगठा पडून होता. माझ्या हाताचा धक्का लागला असेल? पंख्याचा वारा? की मी बघितलं, कारण मला बघायचं होतं? आत्ताच, दोन मिनिटांपूर्वी, याच जागी बसून मी आईला गादीखाली वाकवलं होतं. ते सुद्धा मला बोलताना अगदी डोळ्यांसमोर दिसलेलं.

"काय?" स्वयंपाकघरातून रसिका. आवाजात काही नव्हतं. अठ्ठावीस दिवस ती हे एकटीच विचारत आणि एकटीच उत्तर देत आली असणार.

हलला, असं मी ओरडलो असतो तर ती आली असती. तिने ब्रश घेतला असता, शांतपणे तीनदा फिरवला असता, आणि तक्त्याकडे न बघता पेनचं टोपण लावलं असतं. आणि समजा खरंच हलला होता. माझ्या मुलीचा पाय परत येत होता, आणि तो ज्याने बघितला तो जगातला एकच माणूस होता ज्याच्या सांगण्याला आता काही अर्थ नव्हता.

पेन हातात घेतलं. एकोणतिसाव्या तारखेपुढे, तिच्या ओळींच्या खाली, मी लिहिलं, 'नाही'. अक्षर सुरेख आलं. मी मारलेल्या त्या सात गाठी आल्या होत्या तसं.